फिरत्या घराचे दुखणे



मी भाषा शिकविणारी शिक्षिका. यंत्रांशी माझा संबंध शिवणयंत्रापलीकडे फारसा कधी आला नाही. तरीही यंदाच्या अंकासाठी मी मोटारीच्या गिअरपेटीविषयी लिहावयास बसले आहे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण ज्या गोष्टीचे अज्ञान आपणांस महागात पडते, ती गोष्ट आपण कधी विसरत नाही. हा धडा मी असाच शिकले.

माझे मामा निपाणीस राहतात. आमच्या घरी कोकणी बोलतात, त्यामुळे चवथीला आम्ही सारे चोर्ला घाट उतरून गोव्यातील मूळ घरी जातो. एरवी मामांची यात्रा वर्षभर चालूच असते. त्यांनी काही वर्षांपूर्वी वीस वर्षे वापरलेली एक लहान बस विकत घेतली, आसने काढून तीत निजण्याच्या फळ्या बसविल्या, एका कोपऱ्यात शेगडी व भांड्यांचे फडताळ केले, मागे पाण्याची टाकी ठेवली आणि परिवहन कार्यालयात तशी रीतसर नोंद केली. पंढरपूर, सौंदत्ती, गोकर्ण अशा ठिकाणी कुटुंबांना घेऊन जावे, वाटेत गाडीतच स्वयंपाक व्हावा, गाडीतच निजावे, असा हा व्यवसाय. परदेशात अशा गाड्या पुष्कळ असतात. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. मामांचे फिरते घर मात्र कोणत्याही धोरणाची वाट न पाहता केव्हाच रस्त्यावर आले होते.

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेसाठी अकरा माणसांना घेऊन मामा सौंदत्तीस निघाले होते. मीही बरोबर होते. निपाणी सोडल्यावर तवंदीचा घाट लागतो. चढ सुरू झाला, मामांनी गाडी दुसऱ्या गिअरात घेण्याचा प्रयत्न केला, आणि दात घासल्यासारखा कर्कश आवाज झाला. गिअर पडेना. गाडी थांबली व मागे सरू लागली. मामांनी हातब्रेक ओढला, दोघा तरुणांनी खाली उड्या टाकून चाकांमागे दगड लावले. सत्तर वर्षांच्या एक आजी गाडीत देवीचे नाव घेत बसल्या होत्या. तो क्षण आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता हे दुखणे समजून घ्यावयाचे तर गिअरपेटी काय करते हे आधी पाहिले पाहिजे.

आपण सायकलीचे उदाहरण घेऊ. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६ असतील, तर पायट्याच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन वेळा फिरते. वेग मिळतो, पण चढावर मांड्या भरून येतात. उलट लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरविले तर वेग कमी होतो, पण फिरविण्याचा जोर वाढतो. २० दात्यांच्या चक्राने ६० दात्यांचे चक्र फिरविले, तर फेरे एक तृतीयांश होतात व घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला तर जोर तिप्पट होतो. निसर्गाचा हा रोखीचा व्यवहार आहे. वेग द्यावा आणि जोर घ्यावा, किंवा जोर द्यावा आणि वेग घ्यावा. दोन्ही एकदम कोणालाच मिळत नाहीत.

मोटारीचे इंजिन फार हळू फिरू लागले की त्याचा जोर सरतो आणि ते बंद पडते. म्हणून गाडी हलविताना व घाट चढताना पहिला-दुसरा गिअर लागतो आणि सपाट रस्त्यावर वरचा. फिरत्या घराला तर हा भार सदाचाच. नुसत्या पाण्याच्या २०० लिटरच्या टाकीचे वजन २०० किलो होते. फळ्या, भांडी, सिलिंडर, माणसे यांचे ओझे निराळे. साधी बस अधूनमधून रिकामी तरी धावते, पण घर कधी रिकामे नसते.

इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच असतो. पाय दाबला की क्लच इंजिनाचा हात सोडतो व पाय उचलला की पुन्हा धरतो. गिअर बदलताना हा हात पूर्ण सुटला पाहिजे. कारण एक चक्र जोरात फिरत असता दुसरे त्यात गुंतविणे म्हणजे धावत्या रहाटात हात घालण्यासारखेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या मोटारींत सरकत्या दंतचक्रांची पेटी आली. त्या काळी गिअर बदलणे ही मोठी कसरत होती. पुढे १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत, गुंतण्यापूर्वीच दोन्ही चक्रांचा वेग सारखा करणारी योजना आली. आजच्या पेट्यांत हे काम बहुधा एक पितळी कडे करते. घर्षणाने ते वेग जुळविते आणि म्हणून हळूहळू झिजतेही.

असो. गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेण्यात आली. तेथील माणसाने गिअरचा दांडा दोन वेळा हलविला, आवाज ऐकला आणि सांगितले, "पेटी गेली. पूर्ण बदलावी लागेल. पासष्ट हजार." मामा गप्प झाले. मामींच्या पाटल्या तारण ठेवल्याखेरीज एवढी रक्कम उभी राहणार नव्हती. यात्रेचे दिवस वाया जात होते, म्हणून मीच म्हटले, "मामा, आता विचार कसला करता? होऊन जाऊ दे." मामांनी १०,००० रुपये आगाऊ भरले. रोग कशावरून ओळखला, हा एक प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही, वर्गात मात्र मी रोज "कशावरून?" असे विचारीत असते.

दुसऱ्या दिवशी मामांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री गाडी पाहावयास आले. त्यांनी इंजिन बंद ठेवून मामांना एकेक गिअर टाकावयास सांगितले. सारे गिअर लोण्यासारखे पडले. मग इंजिन चालू करून तेच करावयास लावले. आता दुसरा पडेना आणि रिव्हर्सचा तर खरखराट झाला. मिस्त्री हसून म्हणाले, "बाई, गिअरच मोडला असता तर इंजिन बंद असतानाबी पडला नसता. क्लच सुटंना झालाय." मग त्यांनी खाली वाकून क्लचच्या लहान सिलिंडरला बोट लावले व ओले बोट आम्हांस दाखविले. तेथून द्रव गळत होता. पाय दाबला तरी पूर्ण दाब पोहोचत नव्हता आणि क्लच इंजिनाचा हात अर्धवटच सोडीत होता.

त्या दिवशी मिस्त्रींकडून मी ज्या खुणा टिपून घेतल्या, त्या आपणांसही उपयोगी पडतील.

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे रेटत नाही आणि करपल्यासारखा वास येतो, तेव्हा क्लचप्लेट घसरते आहे असे समजावे. गाडी उभी असता क्लच दाबल्याबरोबर घरघर सुरू झाली, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट घरघर चालू असून क्लच दाबल्यावर ती थांबली, तर पेटीच्या तोंडाशी असलेल्या बेअरिंगचा. गिअर आपोआप निसटून बाहेर येत असेल, तर आतले दाते किंवा त्यांना जागी धरणारी स्प्रिंग झिजली असण्याचा संभव असतो. हे दुखणे उतारावर जिवावर बेतू शकते, कारण खालच्या गिअरात इंजिनच गाडीला आवरून धरते आणि गिअर निसटला की सारा भार ब्रेकांवर येतो. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक हा धोका जाणूनबुजून पत्करतात. गाडी हलताना 'धाड्' असा आवाज होत असेल, तर पेटीपेक्षा आधी मागे जाणाऱ्या दांड्याचे सांधे पाहावेत. आणि सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे पेटीतले तेल. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पिवळी चमक दिसली तर पितळी कडे झिजले आहे. पोलादाचे तुकडे निघाले तर दाते तुटले आहेत. परदेशातील मोठ्या फिरत्या घरांत बहुधा गिअर आपोआप बदलणारी पेटी असते. तेथेही आधी तेलच पाहतात. लाल तेल काळपट होऊन जळका वास येऊ लागला, तर आत उष्णता फार झाली असे ओळखतात.

मामांच्या पेटीचे तेल काढले. पोलादाचा तुकडा नव्हता, पण पिवळी चमक होती. म्हणजे पहिल्या गॅरेजचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. क्लच पूर्ण सुटत नसताना महिनोन्‌महिने गिअर रेटल्यामुळे दुसऱ्या गिअरचे कडे झिजून गेले होते. क्लचप्लेट बदलण्यास पेटी उतरवावीच लागते. म्हणून मिस्त्रींनी सुचविले की पेटी एकदा खाली आली की कडेही बदलून घ्यावे; नाहीतर पुढे तीच मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागेल.

खर्चाचा हिशेब त्यांनी कामापूर्वी कागदावर लिहून दिला. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग ११,००० रुपये, क्लचचा सिलिंडर २,०००, पितळी कडे व दोन बेअरिंगे ९,०००, तेल, सील व गॅस्केट २,५००, मजुरी ११,०००. एकूण ३५,५००. पहिल्या गॅरेजने गाडी ओढून नेल्याबद्दल व तपासणीबद्दल ३,००० रुपये ठेवून घेऊन ७,००० परत केले. सर्व मिळून ३८,५०० रुपये खर्च झाला आणि २६,५०० वाचले. वाचकहो, जुन्या गाडीचे काम काढण्यापूर्वी असा वेगवेगळा हिशेब लिहून मागावा. "सगळं मिळून इतके" यावर कधीही समाधान मानू नये. पेटी उघडल्यावर खर्च वाढणार असेल, तर आधी विचारूनच पुढचे काम करावे असे ठरवून घ्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत, पावती घ्यावी, कामाची हमी किती दिवसांची ते तीवर लिहून घ्यावे. आणि मुख्य म्हणजे गाडी आज विकली तर काय येईल, त्या रकमेशी खर्च ताडून पाहावा.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगते. तो सिलिंडर सहा महिन्यांपूर्वीच गळू लागला होता. मामा दर पंधरा दिवसांनी वरून द्रव भरीत. एकदा त्यांनी मला विचारले होते, "दोन हजार लागतील म्हणतात, करून घेऊ का?" त्यावर मी म्हटले होते, "चालते आहे ना? मग यात्रा संपल्यावर पाहू." दोन हजारांचे ते दुखणे साडेपस्तीस हजारांवर गेले. मामींच्या पाटल्या तारण ठेवाव्याच लागल्या. त्या चैत्रानंतर सुटल्या. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, पण ठिबकणारा नळ दिसला की मी आता थांबून पाहते.

यंत्र काय आणि माणूस काय, दोघेही मोठ्याने ओरडण्यापूर्वी पुष्कळ दिवस हळू आवाजात काही सांगत असतात. ते ऐकावे, आणि कोणी मोठा उपाय सांगितला, तर नम्रपणे "कशावरून?" असे विचारावे. पुढल्या खेपेस तवंदीचा घाट चढताना मामांनी दुसरा गिअर टाकला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. मागे बसलेल्या आजींनी विचारले, "घाट कधी लागायचा रे?" मामा म्हणाले, "आजी, अर्धा चढून झाला."