चोरांच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात का?



आठवी-नववीतल्या मुलांच्या हाती हल्ली जी जाडजूड इंग्रजी पुस्तके दिसतात, त्यांतल्या काहींचे नायक चक्क चोर असतात. वय पंधरा ते अठरा, डोके तल्लख आणि समोर एक अशक्यप्राय चोरी! मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पालकांच्या कपाळाला आठी पडली, तर नवल नाही. पण निर्णय घेण्यापूर्वी या कथा कशा रचलेल्या असतात, ते पाहू.

अशा कथेचे टप्पे बहुधा ठरलेले असतात. आधी काम येते. मग माणसे जमवली जातात. कुणी कुलपे उघडण्यात तरबेज, कुणी भिंती चढण्यात, कुणी बोलण्यात. मग जागेची पाहणी, बेत, ऐन वेळी बिघाड आणि शेवटी उलगडा. यात लेखकाची एक गंमतीदार युक्ती असते. बेत वाचकाला आधीच पूर्ण सांगितला, तर तो हमखास फसतो. जो बेत यशस्वी व्हायचा असतो, तो वाचकापासून लपवून ठेवतात. नाहीतर तीच गोष्ट दोनदा ऐकावी लागेल! म्हणून मुले यातून चोरीपेक्षा अंदाज बांधायला शिकतात. कोण काय लपवत आहे, कुठली बारीक गोष्ट पुढे कामी येईल, याकडे त्यांचे लक्ष लागते.

अमेरिकन लेखिका ली बार्डुगो यांची 'सिक्स ऑफ क्रोज' ही २०१५ सालची कादंबरी या प्रकारातली फार गाजलेली. केटरडॅम या काल्पनिक बंदरातली सहा मुले एका अभेद्य राजवाड्यातून एका शास्त्रज्ञाला पळवून आणायला निघतात. म्होरक्या काझ सतरा वर्षांचा, पायाने अधू, काठी टेकत चालणारा. बक्षीस मोठे आहे, पण प्रत्येकाची ओढ वेगळी. लहानपणी फसवणुकीत काझचे सारे गेले आणि पाठोपाठ भाऊही गेला; इनेज या मुलीला माणसांचा व्यापार करणाऱ्यांनी पळवून विकले होते. ही मुले हौसेने चोर झालेली नाहीत. मोठ्यांनी त्यांना आधी लुटले आहे, आणि प्रत्येक वाईट कृत्याची खूण त्यांच्या मनावर राहते. पुस्तकात हिंसा आहे. त्यामुळे ते नववीच्या पुढेच द्यावे.

लहान मुलांसाठी कॉर्नेलिया फुंके यांचे 'द थीफ लॉर्ड' अधिक योग्य. मूळ जर्मन पुस्तक २००० साली आले. आई गेल्यावर मावशी दोघा भावांपैकी फक्त धाकट्याला ठेवून घ्यायला तयार होते. ताटातूट नको म्हणून ते हॅम्बुर्गहून व्हेनिसला पळून येतात आणि बंद पडलेल्या एका चित्रपटगृहात राहणाऱ्या मुलांना सामील होतात. त्यांचा मुखवटाधारी म्होरक्या खरा कोण, हे कळते तेव्हा 'चोरी' या शब्दाचाच पुन्हा विचार करावा लागतो.

आता कुणी म्हणेल, ही सारी परक्यांची खुळे. तसे नाही. आपल्या शेजारच्या उज्जयिनीत घडणारे शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आठवा. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी घरांत परिचित आहे. त्याच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताचे घर फोडतो. भिंतीला कोणत्या आकाराचे भगदाड शोभेल याचा तो कलावंतासारखा विचार करतो, आणि मापाची दोरी विसरल्यामुळे गळ्यातल्या जानव्याने माप घेतो! त्याला पैसा हवा आहे तो आपल्या प्रिय मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी.

प्रेक्षक हसतो, शर्विलक त्याला आवडूही लागतो. पण शूद्रक तिथे थांबत नाही. चोरीला गेलेले दागिने चारुदत्ताचे नसून वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले आहेत. चोरी झाली असे सांगितले, तर गरिबावर विश्वास कोण ठेवणार? शेवटी चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. शर्विलकाच्या कौशल्याची किंमत ज्या बाईने मोजली, तिला त्याने पाहिलेलेही नव्हते. आणि चौथ्या अंकात खुद्द मदनिकाच त्याला खडसावते आणि दागिने परत करायला लावते.

चांगली आणि सुमार चोरकथा यांतला फरक इथेच आहे. सुमार कथेत तिजोरी फुटते, टाळ्या पडतात आणि नुकसान कुणाचेच होत नाही. चांगली कथा धूतेला विसरत नाही.

म्हणून पालकांना विनंती, की पुस्तक हातातून काढून घेण्याऐवजी मुलांना तीन प्रश्न विचारा. हा मुलगा चोर का झाला? या चोरीची किंमत कोणी मोजली? आणि त्याला 'हे चूक आहे' असे सांगणारे कथेत कुणी आहे का? उत्तरे देताना मूल अडखळले, तर पुस्तक तुम्हीही वाचा आणि मग सोबत बोला. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना विश्वस्तांनाही हेच प्रश्न उपयोगी पडतील.

आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टीत 'मृच्छकटिका'चे तिसरा आणि चौथा हे दोन अंक मराठी अनुवादातून जरूर वाचा. शर्विलक आणि काझ यांची भेट झाली असती, तर दोघे एकमेकांना काय म्हणाले असते, यावर एक पानभर लिहून पाहा.