ल्युपिनला आग हवी

अमेरिकेच्या पूर्व भागात, न्यूयॉर्कपासून विस्कॉन्सिन-मिनेसोटापर्यंत, वाळूच्या निकस जमिनीत मे-जूनमध्ये निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचं एक रानफूल फुलतं. ल्युपिनस पेरेनिस हे त्याचं शास्त्रीय नाव. तूर, वाटाणा, घेवडा यांच्याच शेंगवर्गातलं हे बहुवर्षायू रोप. थंडीत त्याचा वरचा भाग वाळून जातो, पण खोल गेलेलं सोटमूळ जिवंत राहतं आणि वसंतात तिथूनच नवे कोंब फुटतात. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात, म्हणून जिथे इतर झाडं रडतखडत जगतात तिथे हे तरारून येतं. एवढं चिवट रोप गेल्या शतकात आपल्या मुलखातल्या बऱ्याच ठिकाणांहून नाहीसं झालं. घरं, रस्ते, कारखाने यांनी जमीन खाल्ली हे कारण उघडच आहे. पण जिथे जमीन मोकळी राहिली तिथेही ल्युपिन आटलं, आणि त्याचं कारण माझ्या मते जास्त विचार करायला लावणारं आहे: माणसांनी तिथली आग विझवली.

हिमयुगानंतर मागे राहिलेल्या वाळूवर विरळ पाइन, खुरटे ओक आणि मधूनमधून उघडी कुरणं असं रान तयार झालं. ते विरळ ठेवलं वणव्यांनी. काही वणवे विजेमुळे लागत, काही मूलनिवासी लोक मुद्दाम लावत. विसाव्या शतकात प्रत्येक वणवा विझवायचा हे धोरण झालं, आणि मग ओकची झुडपं माजली, झाडांचे शेंडे एकमेकांना भिडले, जमिनीवर पाचोळ्याचा थर साचला. ल्युपिन सावलीत लगेच मरत नाही. ते काही वर्षं नुसती पानं धरून तग धरतं, फुलं मात्र कमी होत जातात आणि शेवटी बी धरणंच थांबतं. एरवी वाळलेली शेंग तडकते, तिच्या दोन फाका पिळवटतात आणि बिया लांब उडतात. त्या बियांचं टरफल कठीण असतं, त्यांना उघडी माती लागते. जाड पाचोळ्यावर पडलेल्या बीचं पुढे फारसं काही होत नाही. विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट मॅकॉय या लष्करी तळावर रणगाड्यांनी जमीन उकरलेली, सरावात अधूनमधून गवत पेटलेलं, आणि तिथेच ल्युपिन जोमाने वाढतं. विजेच्या तारांखाली झाडं तोडून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांतही ते टिकून आहे.

हा प्रश्न एका फुलापुरता राहिला असता तर त्याची फारशी चर्चा झाली नसती. पण कार्नर ब्लू नावाच्या इंचभर निळ्या फुलपाखराच्या अळ्या रानात फक्त याच ल्युपिनची पानं खातात. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव हे हार्वर्डच्या संग्रहालयात फुलपाखरांचा अभ्यास करत, आणि या फुलपाखराला त्याचं शास्त्रीय नाव त्यांनीच 1940च्या दशकात दिलं. कार्नर हे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळचं ठिकाण. अळीने खाल्लेलं पान उजेडात धरलं तर ओळखू येतं: ती एका बाजूचा हिरवा गर खरवडते आणि दुसऱ्या बाजूची पातळ साल तशीच ठेवते, त्यामुळे पानावर काचेसारखे पारदर्शक ठिपके दिसतात. अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या तिच्याभोवती असतात, आणि त्यामुळे शत्रूंपासून तिचं रक्षण होतं. ल्युपिन गेलं की ही सगळी साखळी तुटते. 1992मध्ये अमेरिकेने या फुलपाखराला कायद्याने धोक्यातली जात ठरवलं. कॅनडातून तर ते नाहीसंच झालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आग लावली तर अंडी आणि अळ्याही जळतीलच की! जळतात, हे खरंच आहे. हिवाळ्यात अंडी जमिनीलगतच्या काटक्या-पाचोळ्यात असतात. म्हणून सगळं रान एकदम पेटवत नाहीत. एका वेळी एक तुकडा जाळायचा, शेजारचे तुकडे राखायचे, म्हणजे तिथली फुलपाखरं पुढच्या हंगामांत जळलेल्या तुकड्यावर उगवलेल्या ताज्या ल्युपिनवर येतात. ऑल्बनी पाइन बुश या रानाचं राखीव क्षेत्र सांभाळण्यासाठी 1988मध्ये आयोग नेमला गेला. तिथे हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे, तेही घरं आणि महामार्ग यांच्या मधोमध. वारा, ओलावा आणि धुराची दिशा बघून दिवस ठरवतात. जिथे आग शक्य नाही तिथे झुडपं कापतात. कापण्याने ऊन मिळतं, पण पाचोळा तसाच राहतो, म्हणून माझ्या मते कापणी आगीची जागा काही अंशीच घेऊ शकते, पूर्ण नाही. जाळणं, कापणं, ल्युपिनची लावणी आणि फुलपाखरं वाढवून सोडणं या सगळ्यांमुळे तिथली कार्नर ब्लूची संख्या काही शेकड्यांवरून हजारोंवर गेली.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. माणसाने ढवळाढवळ केली तर ते रान कसलं? पण वणवा विझवणं हीसुद्धा ढवळाढवळच होती. ती डोळ्यांवर येत नव्हती, एवढंच. आपल्याकडे कासच्या पठारावर कुंपण आणि चराई यावरून जे वाद झाले त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तिथलं उत्तर वेगळं असेल, कारण त्या पठाराची माती, पाऊस आणि वनस्पती वेगळ्या आहेत. पण कुंपण घातलं की राखण झाली असं गृहीत धरता येत नाही, हे दोन्हीकडे खरं आहे.

तिसरं म्हणणं ऐकायला सर्वात गोड वाटतं: ल्युपिन कमी झालं तर बाजारातून बी आणून पेरा! मेन राज्यात जूनमध्ये रस्त्याकडेला ल्युपिनचे भरगच्च ताटवे दिसतात, पर्यटक त्यांच्यासाठी येतात. बार्बरा कूनी यांच्या 1982च्या ‘मिस रम्फियस’ या बालपुस्तकातली बाई ल्युपिनचं बी पेरत फिरते. पण ते ताटवे मुख्यतः ल्युपिनस पॉलिफायलस या पश्चिम अमेरिकेतल्या जातीचे आहेत. मूळचं पूर्वेकडचं ल्युपिन मेनमधून केव्हाच नाहीसं झालं. दोन्ही जातींचा संकर होतो, त्यामुळे बागेतलं बी रानाजवळ टाकणं म्हणजे उरलेल्या मूळ रोपांच्या वंशात भेसळ करणं. म्हणून जाणती माणसं त्याच परिसरातल्या रोपांवरून बी गोळा करतात, त्याचं टरफल घासतात आणि मग पेरतात.

एक अडचण मात्र आगीने सुटत नाही. इंडियाना राज्यातल्या इंडियाना ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांमध्ये 2012 साली वसंत वेळेआधी आला, पुढे दुष्काळ पडला, आणि कार्नर ब्लूची तिथली वस्ती कोलमडली. मग जाळण्याचा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. उत्तर असं की सगळं ल्युपिन एकाच उघड्या, तापलेल्या उतारावर असेल तर एक वाईट वर्ष सगळं घेऊन जातं. काही तुकडे अर्धवट सावलीत, काही थोड्या ओल्या उतारावर, काही नुकतेच जाळलेले असे हवेत, म्हणजे एकीकडची पानं लवकर करपली तरी दुसरीकडची हिरवी राहतील. त्यासाठी जास्त जमीन, जास्त माणसं आणि दरवर्षीचा पैसा लागतो. एका ठिकाणी एकदा जाळून काम संपत नाही. झुडपं पुन्हा वाढतात आणि तो तुकडा काही वर्षांनी पुन्हा जाळावा लागतो.