खर्रा सुटतो, खूण रेंगाळते

वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. २०१२मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याची पुडी अनेकांच्या खिशात असतेच. ‘उद्यापासून बंद’ म्हणणारा आठवडाभरात पुन्हा पानटपरीवर दिसतो. घरचे म्हणतात, ‘याचं मनच घट्ट नाही.’ पण दोष एकट्या मनाचा नसतो.

पेशीत जनुकाची आधी आरएनए-प्रत तयार होते. तिचे काही तुकडे वगळून उरलेले जोडले जातात आणि त्यावरून प्रथिन बनते. ‘फॉसबी’ जनुकाच्या प्रतीतून एक तुकडा जादा वगळला गेला, की ‘डेल्टा-फॉसबी’ हे आखूड प्रथिन तयार होते. नेहमीचे प्रथिन लवकर नष्ट होते. आखूड प्रथिनात मात्र त्याला लवकर मोडायला लावणारा भागच नसतो. कोकेन, मॉर्फीन, दारू किंवा निकोटीन वारंवार दिल्यावर ते मेंदूच्या सुखकेंद्रात साचत जाते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. नशा थांबल्यावरही ते काही आठवडे टिकते, इतर जनुकांचे काम बदलते आणि ओढ वाढवते.

म्हणून व्यसन सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे जपायचे. एकदा पाय घसरला तर टोमणे नकोत, सोबत हवी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. रोज दारू पिणाऱ्यांनी मात्र ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.