लाइट आली, पण अ‍ॅरे उठेना

पुण्यात महावितरणची देखभाल-दुरुस्तीची मोठी कामे बहुतेक गुरुवारी निघतात. सकाळी गेलेली लाइट दुपारी येते आणि पेठांमधल्या छापखान्यांत, फोटो स्टुडिओंत, सीएंच्या कचेऱ्यांत महिनोन्‌महिने बंद न झालेले कॉम्प्युटर एकदम सुरू होतात. त्यांतला एखादा अडतो. पंखे फिरतात, डिस्कचे दिवे लुकलुकतात, पण ज्या ड्राइव्हवर दहा वर्षांची लग्ने किंवा सगळ्या अशिलांचे हिशेब आहेत तो ड्राइव्हच दिसत नाही. ‘काल संध्याकाळपर्यंत तर व्यवस्थित चालू होतं’ असे मालक सांगतात, आणि ते अगदी खरे असते.

मागच्या भागात आपण एकट्या डिस्कचे आजार पाहिले. आजचा विषय डिस्कच्या संचाचा, म्हणजे अ‍ॅरेचा. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात ‘रेड’ ही कल्पना मांडली. एक महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या आणि एखादी गेली तरी काम अडणार नाही इतकी जादा माहिती त्यांच्यावर ठेवायची. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तोच मजकूर असतो. रेड ५ मध्ये तीन किंवा अधिक डिस्क असतात आणि कोणतीही एक गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर काढता येतो.

मग इतकी सोय असलेला संच सुरू होतानाच का अडतो? कारण चालू संचाला आपली ओळख पटवायची गरज नसते. सुरू होताना मात्र प्रत्येक डिस्क हजर आहे का, ती याच संचाची आहे का, तिच्यावरची शेवटची नोंद इतरांशी जुळते का, हे सगळे नव्याने तपासले जाते. महिनोन्‌महिने साचलेले दोष त्या एका मिनिटात बाहेर पडतात, आणि त्यांतले बरेचसे डिस्कचे नसतातच.

सगळ्यात स्वस्त दोष आधी बघा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटणाएवढा सेल असतो. बायोसची सेटिंग्ज त्याच्या जिवावर टिकतात, पण प्लगमध्ये वीज असेपर्यंत त्याची गरज पडत नाही. ते काम एसएमपीएसचा स्टँडबाय पुरवठा करतो. म्हणून सेल वर्षभरापूर्वी संपला असला तरी कोणाला कळत नाही. चार-पाच तास लाइट गेली आणि यूपीएसही संपला की सेटिंग्ज पुसली जातात. मदरबोर्डच्या रेडवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये साटाचा मोड ‘रेड’वरून मूळच्या ‘एएचसीआय’वर जातो आणि संच गायब होतो. पडद्यावर सेटिंग्ज गेल्याची सूचना येते, पण घाईत एफ-१ दाबून माणूस पुढे जातो. खूण सोपी आहे: बायोसमधली तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. तपकीर गल्लीतून नवा सेल आणा, मोड पूर्ववत करा, बहुतेक वेळा संच जसाच्या तसा परत येतो.

मात्र मधल्या वेळात विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइज करायची का’ असे विचारले तर ठामपणे नाही म्हणा. रेड १ असेल तर आणखी जपा. मोड बदललेला असताना दोन्ही डिस्क सुट्या आणि चांगल्या वाचता येणाऱ्या दिसतात. त्यांतल्या एकीवर दोन दिवस काम करून मग मोड पूर्ववत केला, तर कंट्रोलर दोघींना अजून सारख्याच समजतो, आणि फाइल उघडताना अर्धा मजकूर हिच्यावरून, अर्धा तिच्यावरून येतो.

दुसरा दोष विजेचा. साडेतीन इंची डिस्क उभी राहताना १२ व्होल्टच्या तारेवर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, एकदा फिरायला लागली की साधारण त्याच्या पाव पट. सहा डिस्क एकाच क्षणी उठल्या तर जुन्या एसएमपीएसला दम लागतो, व्होल्टेज बसते आणि एखादी डिस्क उशिरा जागी होते. तोवर संच तिला वगळून मोकळा झालेला असतो. ती डिस्क खराब नसते, तरी तिच्यावर ठपका येतो आणि मालक नवी डिस्क घ्यायला धावतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गुरुवारची लाइट सांगून जाते, पण ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे महापारेषणच्या ४०० केव्ही वाहिन्यांत बिघाड झाला तेव्हा पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातली वीज न सांगता गेली. अशा वेळी संच लिहिता लिहिता बंद पडतो. परत सुरू होताना त्यातच एक डिस्क हजर नसेल, तर लिनक्स रेड ५ चा संच सुरू करायला सरळ नकार देतो आणि ‘डर्टी डिग्रेडेड’ अ‍ॅरे चालू करता येत नाही, असे लिहून थांबतो. हा नकार अनेकांना आडमुठेपणा वाटतो. तो शहाणपणा आहे, आणि का ते समजून घेतले पाहिजे.

प्रत्यक्ष हिशेब बिटांचा असतो, पण बेरजेने तो कळतो. समजा पहिल्या डिस्कवर ५ आहे, दुसरीवर ९, आणि तिसरीवर त्यांची बेरीज १४. पहिली गेली तर १४ मधून ९ वजा करून ५ परत मिळतात. आता दुसरीवर ९ च्या जागी ७ लिहिले गेले, आणि तिसरीवर १२ लिहिण्याआधीच लाइट गेली. तिसरीवर १४ तसेच राहिले. सुरू होताना पहिली डिस्क उठलीच नाही, तर संच १४ मधून ७ वजा करून ५ च्या जागी ७ देणार. ज्या फाइलला त्या रात्री कोणी हातही लावला नव्हता तीच बिघडणार, आणि तेही कोणतीही एरर न दाखवता. म्हणून संच थांबतो आणि निर्णय माणसावर सोडतो.

तो निर्णय आंधळेपणाने घ्यायचा नसतो. लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाला ‘एक्झामिन’ सांगितले की ते प्रत्येक डिस्कवरची नोंद फक्त वाचून दाखवते. त्यात ‘इव्हेंट्स’ नावाचा आकडा असतो. समजा चार डिस्कपैकी दोघींवर ४८२१०, तिसरीवर ४८२०६ आणि चौथीवर ३१९५५ आहे. याचा अर्थ चौथी डिस्क काही आठवड्यांपूर्वीच संचातून बाहेर पडली होती आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. तिसरी मात्र परवाच्या गडबडीत चार पावले मागे राहिली एवढेच. तेव्हा चौथीला बाजूला ठेवून उरलेल्या तिघींना ‘असेंबल’बरोबर ‘फोर्स’ देऊन जुळवायचे. चौथीला घेतले आणि तिसरीला सोडले तर जुना आणि नवा मजकूर एकमेकांत मिसळेल.

मजकूर मोलाचा असेल तर ‘फोर्स’च्याही आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढा आणि प्रयोग प्रतींवर करा. संच जुळला की तो केवळ वाचण्यासाठी उघडा आणि आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क बाहेर काढण्याआधी कोणत्या जागी कोणत्या सिरियल नंबरची होती ते कागदावर लिहा. आणि ‘क्रिएट’ ही आज्ञा देऊ नका. इंटरनेटवर कुणीतरी तिने आपला संच वाचवल्याचे सांगतो. डिस्कचा क्रम, खंडांचा आकार आणि मजकूर कुठून सुरू होतो ती जागा अगदी तंतोतंत जुळली तरच ती वाचवते, नाहीतर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात. त्यानंतर डेटा रिकव्हरीवाल्याचे कामही कितीतरी अवघड होते. मी पाहिलेले बहुतेक मजकूर डिस्क बिघडल्यामुळे गेलेले नाहीत. पहिल्या तासात, धीर सुटल्यावर दाबलेल्या बटणांमुळे गेले आहेत.

दोष डिस्कचा की केबलचा, हे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या तक्त्यावरून कळते. क्रमांक ५ आणि १९७ चे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग जायला लागला आहे, ती बदला. नुसता १९९ वाढत असेल तर आधी साटा केबल बदलून पाहा.

नवी डिस्क घातल्यावर संच पुन्हा भरायला लागणारा वेळ आधी मोजा. आठ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरायला सुमारे १५ तास लागतात, आणि त्या वेळात जुन्या डिस्क अखंड वाचल्या जात असल्यामुळे त्यांच्यावरही ताण येतो. म्हणून रिबिल्ड बुधवारी संध्याकाळी लावू नका. शुक्रवारी सकाळी लावा, आणि तोवर उतरवलेल्या फाइलींची प्रत त्या खोलीतून दुसरीकडे हलवलेली असू द्या.

पुढच्या आठवड्यात: लाइट गेल्यावर कॉम्प्युटर स्वतःहून नीट बंद व्हावा म्हणून यूपीएसची यूएसबी तार कशी जोडायची.