बंद पडलेलं स्टेशन पुन्हा उघडतं कसं?

आज आपण रेल्वे स्टेशनाबद्दल बोलू या. मोठं जंक्शन सोडा. रुळाच्या कडेला पत्र्याची शेड, एक पिवळी पाटी, कडुलिंबाखाली दोन बाकं, एवढंच ज्याचं वैभव, ते आपल्या गावाजवळचं स्टेशन.

मार्च 2020 मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे सुरू झाल्या, पण बऱ्याच पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस होऊन सुटल्या. 10 रुपयांचं कमीत कमी तिकीट 30 रुपयांचं झालं आणि कित्येक लहान थांबे गळाले. 2024 च्या सुरुवातीला भाडं पूर्ववत झालं, थांबे मात्र सगळे परत आले नाहीत. आमच्या गटातल्या भाजी विकणाऱ्या ताया आता वडापने बाजाराला जातात. माणसाचं भाडं वेगळं, पाटीचं वेगळं. शनिवारी हिशेबाला बसलं की हे पैसे कर्जाच्या हप्त्यातूनच गेलेले दिसतात.

तर असं स्टेशन पुन्हा उघडतं का? उघडतं. पण आधी एक फरक समजून घेऊ. पूर्ण स्टेशन म्हणजे तिथे मास्तर, सिग्नल, पॉइंट्समन, तीन पाळ्यांचा पगार. हॉल्ट म्हणजे नुसता थांबा. गाडी मिनिटभर थांबते, आणि तिकीट विकायला बहुतेक ठिकाणी गावातलाच माणूस कमिशनवर नेमलेला असतो. त्याला हॉल्ट एजंट म्हणतात. हॉल्टचा खर्च थोडा, म्हणून बंद स्टेशन परत मिळालं तर ते बहुधा हॉल्ट म्हणूनच मिळतं.

पश्चिम बंगालात पुरुलिया जिल्ह्यात बेगुनकोडोर नावाचं स्टेशन आहे. 1960 साली सुरू झालं आणि 1967 साली बंद पडलं. कारण काय, तर भूत! पांढऱ्या साडीतली बाई रुळावर फिरते, अशी आवई उठली. (भूतसुद्धा बाईचंच, बघा.) कुणी तिथे नोकरीला राहीना, गाड्या न थांबता जाऊ लागल्या. त्या भागातल्या लोकांनी बेचाळीस वर्षं दुसऱ्या स्टेशनाची वाट तुडवली. मागणी लावून धरली, तेव्हा 2009 मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना ते पुन्हा सुरू झालं, तेही हॉल्ट म्हणून, तिकिटाला खाजगी एजंट ठेवून. भुताने बंद पडलेलं स्टेशन उघडतं, तर आपलं का नाही उघडणार?

दुसरं उदाहरण राजस्थानातलं, आणि हे आपल्याला जास्त जवळचं वाटेल. नागौर जिल्ह्यातलं जालसू नानक. सैन्यात गेलेल्या माणसांचं गाव. सुट्टीवर येणाऱ्या फौजींची सोय म्हणून 1976 साली तिथे हॉल्ट मिळाला. 2005 मध्ये उत्पन्न कमी म्हणून तो बंद करायचं ठरलं. गावाने धरणं धरलं. शेवटी रेल्वेने अट घातली: स्टेशन तुम्ही चालवा, आणि महिन्याला 1500, म्हणजे दिवसाला 50 तिकिटं विकून दाखवा.

मग गावाने काय केलं? वर्गणी काढली. दीडेक लाख रुपये जमले. त्यातून 1500 तिकिटं आगाऊ विकत घेतली आणि उरलेले पैसे व्याजाने लावले. तिकीट विकायला गावातलाच माणूस पगारावर बसवला. ऐकल्यावर आम्हाला तर हसूच आलं. हा सगळा आपल्या बचत गटाचाच कारभार की! भांडवल गोळा करायचं, ते पडून ठेवायचं नाही, आणि माणूस ओळखीचा नेमायचा.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकते. रस्ता, दवाखाना, गाडी हा आपला हक्क आहे. शहरातल्या माणसाला कुणी म्हणत नाही, की वर्गणी काढा मग लोकल थांबवू. म्हणून जालसूचं कौतुक करा, पण अर्जात आपणहून 'आम्ही पैसे भरतो' असं लिहू नका. आधी थांबा मागा.

आता आमच्याच चुकीचं सांगतो. बैठकीत आम्ही विचारलं, गाडी थांबायची तेव्हा तिकीट कोण काढत होतं? सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी म्हणाली, 'एजंट कधी जागेवर नसायचाच.' कुणी म्हणाली, 'दोन स्टेशनांसाठी कशाला?' काहीजणी पुढच्या मोठ्या स्टेशनावरून तिकीट काढायच्या. म्हणजे गाडीत बायका भरलेल्या, आणि कागदावर आमचं स्टेशन रिकामं. विनातिकीट धरलं तर भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड, तो तर आहेच. पण खरा दंड स्टेशनाला बसला. रेल्वे डोकी मोजत नाही, त्या स्टेशनावरून निघालेली तिकिटं मोजते. एजंट जागेवर नसेल तर तेव्हाच लेखी तक्रार करायला हवी होती. ती आम्ही केली नाही.

आता आम्ही वही घातली आहे. कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला, कुठे गेलं आणि वडापला किती दिले. बाजाराच्या बायका, कॉलेजच्या मुली, डायलिसिसला जाणारे पेशंट, सगळ्यांची नोंद. 'महिलांची गैरसोय होते' एवढ्या वाक्याने साहेब हलत नाही. सकाळच्या कोणत्या गाडीला किती माणसं चढतील, हे लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. लाईनवरच्या आजूबाजूच्या गावांचेही ठराव मिळाले तर फार बरं. अर्ज आपल्या विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकाला, म्हणजे डीआरएमला जातो. एक प्रत खासदारांना द्या. विभागात रेल्वे प्रवाशांची सल्लागार समिती असते, तिच्या सदस्यालाही भेटा. एकदम चार गाड्या मागू नका. सकाळी जायची एक आणि संध्याकाळी यायची एक, एवढंच मागा. थांबा बहुधा आधी सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक म्हणून मिळतो, आणि त्या काळातली तिकीटविक्री बघून पुढचं ठरतं. तेव्हा ते सहा महिने प्रत्येकीने तिकीट काढायचं, आणि काढायचं ते आपल्याच स्टेशनावरून.

ज्या गावांची लाईनच बंद झाली, जशी विदर्भातली मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, त्यांची लढाई वेगळी आणि लांबची. तिथे रुळापासून सुरुवात आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत गटाच्या ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवा. आमचा पहिला अर्ज गटाच्या अध्यक्षताईंनी नुसता हातात देऊन आणला होता. तो पुढे सापडलाच नाही. दुसरा या सोमवारी देणार आहोत.