दशांशाची शेपटी कापताना

१ भागिले ३ हा भागाकार तुम्ही कधी पुरा केला आहे का? ०.३३३... असे ३ लिहिता लिहिता वही संपेल, पण भागाकार संपणार नाही. शेवटी आपण कंटाळून कुठेतरी थांबतो.

संगणकालाही असेच थांबावे लागते. तो ० आणि १ या दोनच अंकांच्या द्विमान पद्धतीने मोजतो आणि संख्या मांडायला त्याच्याजवळ मोजकीच घरे असतात. गंमत अशी, की आपला साधा ०.१ द्विमान पद्धतीत ०.०००११००११००११... असा कधीच न संपणारा होतो! घरे संपली की उरलेली शेपटी कापावी लागते. एवढ्याशा शेपटीने काय बिघडते?

आखाती युद्धातली गोष्ट पाहा. सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची 'पेट्रियट' ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी आणि त्या आकड्याला ०.१ ने गुणून सेकंद काढी. या ०.१ साठी २४ घरे होती, पुढचे कापलेले. चूक किती? अवघी ०.०००००००९५! पण २५ फेब्रुवारी १९९१ रोजी यंत्रणा सुरू होऊन सुमारे १०० तास झाले होते. म्हणजे १०० × ३६०० × १० = ३६ लाख ठोके. आता गुणाकार करा : चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडारने ते आकाशात भलत्याच जागी शोधले. क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ सैनिक मरण पावले. सुधारलेली आज्ञावली तेथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

येथे एकच संख्या पुन्हापुन्हा वापरली जात होती, म्हणून चूक सतत एकाच दिशेने साचत गेली. ध्वनीचे किंवा रडारचे संकेत हाताळताना मात्र निरनिराळ्या संख्यांच्या हजारो बेरजा होतात. तेथे चुकीचा अंदाज कसा बांधायचा?

शेवटच्या घराच्या किमतीला आपण 'पायरी' म्हणू. शेपटी नुसती कापली, तर दर वेळी सरासरी अर्धी पायरी कमी होते. १०,००० बेरजांत ५,००० पायऱ्या गेल्या! त्याऐवजी संख्या जवळच्या पायरीवर नेली, म्हणजेच पूर्णांकन केले, तर चूक कधी अधिक, कधी उणी होते आणि पुष्कळशा चुका परस्परांना खोडतात. चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर एकूण चूक बेरजांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. एका वेळची चूक साधारण १ ÷ √१२, म्हणजे ०.२९ पायरी धरतात. १०,००० चे वर्गमूळ १००. म्हणून एकूण चूक सुमारे २९ पायऱ्या. कुठे ५,००० आणि कुठे २९!

हे खरे की खोटे, ते स्वतःच पडताळा. दशांशचिन्हापुढे दोन अंक असलेल्या, मनाला येतील त्या २० संख्या लिहा. त्यांची अचूक बेरीज करा. मग अपूर्णांक कापून बेरीज करा आणि शेवटी पूर्णांकन करून. आपल्या नियमाप्रमाणे पहिल्या रीतीत सुमारे १० ची तूट यायला हवी, दुसरीत साधारण १ ते २ चा फरक. तुमचा आकडा किती येतो?