बाबा, समोर मोटारसायकल!

मुलांनो, 'गाडी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मुंबई-ठाण्यातल्या मुलाला चार चाकांची मोटार दिसेल. पण जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलाला विचारून बघा. तो सांगेल, "गाडी? आमच्या बाबांनी घेतलीय ना!" आणि अंगणात उभी असलेली मोटारसायकल दाखवेल. आमच्याकडे गाडी म्हणजे मोटारसायकल. दुसरी ती 'फोरव्हीलर'.

आता गंमत अशी, की या दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावरून धावतात. एकीतल्या माणसाभोवती पत्रा असतो, काचा असतात, पट्टा असतो. दुसरीवरच्या माणसाभोवती असते फक्त हवा! म्हणून आज आपण एका साध्या प्रश्नाचा विचार करू. मोटार चालवणाऱ्याला समोरची मोटारसायकल खरंच दिसते का?

आमच्या रस्त्यावरची वाहतूक

पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके. जव्हारहून मोखाडा वीस-पंचवीस किलोमीटर. पुढे तोरंगण घाट चढून रस्ता त्र्यंबकेश्वर आणि नाशिककडे जातो. दुसरीकडे विक्रमगडवरून उतरलं की मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. सगळा रस्ता चढ-उताराचा आणि वळणावळणाचा.

या रस्त्यावर सकाळी थांबून पाहा. शिक्षक शाळेला निघालेले असतात. कुणी नागली दळायला निघालेला, कुणी मागे खताची गोणी बांधून आलेला. तापाने फणफणलेलं बाळ मांडीवर घेऊन आई आरोग्य केंद्रात निघालेली असते. सुट्टी लागली की आश्रमशाळेतल्या मुलांना न्यायला वडील येतात, आणि मुलगा पत्र्याची पेटी धरून मागे बसतो. दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला गेलेली माणसं होळीला गावी परततात, तेव्हाही रस्त्यावर गाठोडी बांधलेल्या मोटारसायकलींची रांग दिसते.

आणि पावसाळ्यात? दाभोसाचा धबधबा, जव्हारचा जयविलास राजवाडा, सनसेट पॉइंट, मोखाड्यातलं सूर्यमाळ हे सगळं बघायला शहरातून मोटारी येतात. पाहुणे आले की आम्हाला आनंदच होतो. फक्त त्यांना हा रस्ता ओळखीचा नसतो. डोळे धुक्याकडे, डोंगराकडे, धबधब्याकडे लागलेले असतात. आणि नेमकी तेव्हाच वळणापलीकडून एक मोटारसायकल येत असते.

बघितलं, पण दिसलं नाही

अपघात झाला की मोटारचालक पुष्कळदा म्हणतो, "अहो, मी बघितलं होतं, पण मोटारसायकल दिसलीच नाही!" ऐकणाऱ्याला वाटतं, हा थापा मारतोय. पण बरेचदा तो खरं बोलत असतो, आणि हीच काळजीची गोष्ट आहे.

अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट नावाचे संशोधक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलीस भागातल्या मोटारसायकलींच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. मोटारसायकल आणि दुसरं वाहन यांची टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोनतृतीयांश अपघातांत चूक दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. त्याने मोटारसायकलच्या वाटेत आपलं वाहन घातलं होतं. आणि कारण काय? त्याला ती दिसलीच नव्हती, किंवा फार उशिरा दिसली होती.

असं का होतं? आपले डोळे कॅमेऱ्यासारखे सगळं टिपतात, असं आपल्याला वाटतं. पण दिसणं हे काम डोळ्यांइतकंच मेंदूचं आहे, आणि मेंदू जे शोधत असतो तेच त्याला आधी सापडतं. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग जाहीर केला. लोकांना एक चित्रफीत दाखवली. त्यात काही मुलं चेंडू एकमेकांकडे टाकत होती. चेंडू किती वेळा टाकला ते मोजायचं, एवढंच काम. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस खेळणाऱ्यांच्या मधून चालत गेलं. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना तो गोरिला दिसलाच नाही!

रस्त्यावरही तसंच होतं. वळायच्या आधी चालक मनात विचारतो, "ट्रक येतोय का? बस येतेय का?" मेंदू उत्तर देतो, "नाही." चालक वळतो. मोटारसायकलबद्दल त्याने विचारलेलंच नसतं!

दुसरं कारण आकाराचं. लांबून येणारी लहान वस्तू सुरुवातीला जवळजवळ तेवढीच राहिल्यासारखी वाटते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम मोठी होते. त्यामुळे मोटारसायकल आहे त्यापेक्षा लांब आणि हळू आहे, असा भास होतो. रात्री तर तिचा एकच दिवा दिसतो. दोन दिवे असले की त्यांच्यामधल्या अंतरावरून वाहन किती जवळ आलं याचा थोडा अंदाज येतो. एका दिव्यावरून तो कसा येणार?

करून पाहा : अंगठ्यामागची मोटारसायकल

घराच्या गॅलरीत किंवा शाळेच्या फाटकाच्या आत उभे राहा. रस्त्यावर जाऊ नका. एक हात समोर ताठ करा, अंगठा वर धरा आणि एक डोळा मिटा. आता सुमारे ३० मीटरवर उभी असलेली मोटारसायकल अंगठ्यामागे लपते का ते बघा.

लपली ना? थोडं गणित करू. अंगठा साधारण २ सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यापासून ६० सेंटिमीटर लांब आहे, असं धरा. ३० मीटर म्हणजे त्या ६० सेंटिमीटरच्या ५० पट. म्हणून अंगठा तिथे २ गुणिले ५०, म्हणजे १०० सेंटिमीटर रुंदीची जागा झाकतो. समोरून येणाऱ्या मोटारसायकलची रुंदी त्याहून कमीच असते.

मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना छताला आधार देणारे खांब असतात. ते तर अंगठ्यापेक्षा कितीतरी जाड! चालक दोन्ही डोळ्यांनी बघतो, म्हणून थोडा फायदा होतो. तरीही वळणावर एखादी मोटारसायकल त्या खांबाआड सहज जाते. म्हणून चांगला चालक वळताना मान थोडी पुढे-मागे करून खांबापलीकडे बघतो. आरशातही सगळं दिसत नाही. आरशाच्या कक्षेबाहेर जो भाग राहतो, तिथे मोटारसायकल असू शकते.

घाटात कुठे जपायचं?

पहिली जागा म्हणजे आंधळं वळण. पलीकडचं दिसत नाही, म्हणून चालकाने आपल्या डाव्या बाजूलाच राहायचं आणि हॉर्न द्यायचा. मोटार वळणावर अर्धी जरी पलीकडच्या बाजूला गेली, तरी समोरच्या मोटारसायकलला जायला उरते ती कडेची खडी. खडीवर दुचाकी घसरते.

दुसरी जागा बसच्या मागची. एसटी हळू चढतेय, मागचा मोटारवाला कंटाळतो आणि ओव्हरटेक करायला बाहेर काढतो. त्याला समोरून बस किंवा ट्रक नाही एवढंच दिसलेलं असतं. उतारावरून येणारी मोटारसायकल बसच्या आड झाकलेली असते.

तिसरी जागा पाड्याच्या फाट्याची. मोटार उजवीकडे फाट्यावर वळते, तेव्हा ती समोरून येणाऱ्यांची वाट अडवते. हर्ट यांच्या अभ्यासातही असेच अपघात पुष्कळ होते. फक्त अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथली मोटार डावीकडे वळत असे.

चौथी गोष्ट खड्ड्यांची. मोटारीला ज्या खड्ड्यात नुसता धक्का बसतो, त्याच खड्ड्यात मोटारसायकलवरचा माणूस उडून पडू शकतो. म्हणून तो एकदम बाजूला वळतो. चिखल, गाय, ओला पालापाचोळा दिसला तरी तसंच. मागच्याने चिडून हॉर्न वाजवू नये. मध्ये भरपूर जागा सोडावी आणि पुढे जाताना मोटारीला सोडतो तेवढी रुंदी दुचाकीलाही सोडावी.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. अरुंद घाटात समोरासमोर दोन वाहनं आली, तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. ३६५ ने भागून बघा. रोज सरासरी २०५ माणसं! या सगळ्यांना मोटारींनीच धडक दिली असं नाही. कुणी स्वतःच्या वेगाने पडले, कुणाला ट्रकची धडक बसली. पण दुचाकीवरच्या माणसाचा जीव किती उघड्यावर असतो, हे या आकड्यावरून कळतं.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण डोक्याला मोठी दुखापत झाली तर रुग्णाला बहुधा नाशिकला किंवा ठाण्याकडे हलवावं लागतं. जव्हारपासून नाशिक ८० किलोमीटरच्या आसपास, तेही घाटातून. आणि मोटारसायकलवर बरेचदा घरातला एकुलता एक कमावता माणूस असतो. तो अंथरुणाला खिळला तर शेताची लावणी कोण करणार? मुलांना शाळेत कोण पोहोचवणार?

कुणी म्हणेल, "पण ते तिघं-तिघं बसतात, हेल्मेट घालत नाहीत!" खरं आहे. कायद्याने चालकाच्या मागे एकच जण बसू शकतो, आणि चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच. पाड्यावर एसटी क्वचित येते, म्हणून माणसं असा प्रवास करतात. ते चूकच आहे, आणि आमच्या पालकांना आम्ही ते सांगतो. पण नियम मोडणाऱ्यालाही वाचवायचंच असतं. समोरचा चुकला, म्हणून आपल्याला न बघण्याची परवानगी मिळत नाही.

मोटारीत बसलेल्या मुलांसाठी पाच कामं

१. टेहळणी करा. पट्टा लावून बसा आणि घाटात मोटारसायकल दिसली की शांतपणे सांगा, "बाबा, समोर मोटारसायकल" किंवा "आई, डावीकडून एक येतेय." किंचाळू नका, चालवणारा दचकतो. चालकाच्या मेंदूला 'मोटारसायकलही शोध' अशी आठवण राहते, हा याचा मोठा फायदा.

२. फोन तुमच्याकडे घ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद बघितलं, तर मोटार ३३ मीटर डोळे मिटून गेल्यासारखी गेली!

३. अंतर मोजा. पुढची मोटारसायकल एखाद्या झाडापाशी पोहोचली की म्हणा, "एक हजार एक, एक हजार दोन." तुमचं म्हणून व्हायच्या आधीच आपली मोटार झाडापाशी आली, तर ती फार जवळून चालली आहे. पावसात हे अंतर दुप्पट ठेवायचं.

४. दार लांबच्या हाताने उघडा. तुम्ही डाव्या दाराशी असाल तर उजव्या हाताने, उजव्या दाराशी असाल तर डाव्या हाताने. त्यामुळे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी दुचाकी दिसते. नेदरलँड्समध्ये सायकली खूप, म्हणून ही युक्ती डच लोकांच्या नावाने ओळखली जाते. धबधब्यापाशी मोटार थांबली की ती हमखास वापरा.

५. अपघात दिसला तर मोठ्यांना १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली आहे.

आणि मोटारसायकलवरच्या मुलांसाठी

तुम्हीही दिसायला मदत करा! १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो. रस्त्यावरचे लोक हात हलवून सांगतात, "लाइट चालू राहिलीय!" त्यांना हसून सांगा, की ती मुद्दाम चालू आहे, आम्ही दिसावं म्हणून. मागच्या दिव्यावर गोणी किंवा पेटी येऊ देऊ नका. दिव्यावरचा चिखल निघताना फडक्याने पुसा. पावसात काळ्याऐवजी पिवळा किंवा नारिंगी रेनकोट घ्या. हेल्मेटचा पट्टा 'टक' असा आवाज होईपर्यंत लावा. आणि अठरा वर्षं पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत मोटारसायकलची किल्ली मागू नका.

या आठवड्यात एक काम करा. घराच्या खिडकीत पंधरा मिनिटं बसा आणि जाणाऱ्या दुचाकी मोजा. प्रत्येकीवर कोण होतं, हेही वहीत लिहा. आजोबा, दूधवाला, शाळेतली ताई, पेटी धरलेला मुलगा. ती वही घरात जे कुणी मोटार चालवतं त्यांना वाचायला द्या. पुढच्या वेळी वळणावर त्यांना नुसती मोटारसायकल दिसणार नाही, तिच्यावरचं माणूसही दिसेल.